चौथ्या हिश्शाचं खेचर

माझ्या नवऱ्याला दोनच शब्द येतात. एक "बघू" आणि दुसरा "होईल". तेहेतीस वर्षं मी या दोन शब्दांवर संसार रेटलाय, तेव्हा आज मला जरा सविस्तर बोलू द्या.

हे गॅसकटर. म्हणजे हातात आगीची नळी धरायची आणि लोखंड कापायचं. जुन्या टाक्या, फुटलेले बॉयलर, मोडीत निघालेल्या बसगाड्या, काय वाट्टेल ते यांनी कापलंय. सहा फूट उंच माणूस, दिवसभर वाकून काम करायचा आणि घरी येऊन दाराच्या चौकटीला डोकं आपटायचा. यांचा एकही शर्ट असा नाही ज्याला ठिणग्यांची भोकं नाहीत, आणि ती रफू करायला घरात मी आहेच. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत यांचा पसारा, मध्ये स्वयंपाकघर. भांडायला दोघांनाही मध्यात पडतं.

आता माझे वडील. बाबा वीटकारखान्यात ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हटलं की लोकांना ट्रक वाटतो, पण बाबांचं वाहन निराळं होतं. खाणीतली माती भट्टीपर्यंत न्यायला कारखान्यात अरुंद रूळ टाकलेले, दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचं अंतर. त्यावरून मातीचे आठ डबे ओढायला एक छोटा डिझेल ट्रॅक्टर. चार लोखंडी चाकं, पुढे लांबट बॉनेट, मागे पत्र्याची खोलगट सीट, वर छप्पर नाही. ऊन, वारा, पाऊस, जे काय पडेल ते ड्रायव्हरच्या टाळक्यावर. कामगार त्याला खेचर म्हणायचे, कारण ओझं निमूट ओढायचं आणि मनात आलं की भर रस्त्यात अडून बसायचं. बाबांनी छत्तीस वर्षं ते चालवलं. बाबांना दोन अपत्यं, मी आणि खेचर, अशी माझी लहानपणी समजूत होती. लाडकं कोणतं ते मी कधी विचारलं नाही, उत्तर माहीत होतं.

आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली आणि कारखाना बंद पडला. मोडीचं कंत्राट ज्याने घेतलं त्याच्याकडेच हे कामाला. पहिल्याच दिवशी सकाळी बाबा फाटकाशी उभे. म्हणाले, "जावईबापू, तेवढं खेचर शेवटी घ्या. दुपारी मी फडकं घेऊन येतो, एकदा नीट पुसतो, मग कापा." हे म्हणाले, "बघू."

बाबा दुपारी फडकं घेऊन आले तेव्हा बॉनेट एकीकडे पडलेलं आणि चाकं दुसरीकडे. कंत्राटदाराने ट्रक सकाळीच बोलावला होता, यांचा काही इलाज नव्हता. पण मग तेवढं तोंड उघडून सांगावं की नाही? हे आपले काळा चष्मा कपाळावर चढवून उभे. बाबांनी फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि चालू लागले.

त्या दिवसापासून एकवीस वर्षं बाबांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. यायचे मात्र दर रविवारी. आमच्या दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत, त्यातल्या मधल्या पायरीवर बसायचे. पाऊस असला की छत्री उघडून बसायचे. आई आत येऊन जेवायची आणि बाबांचं ताट मी खिडकीतून बाहेर द्यायची. जाणारे-येणारे बघत राहायचे. कोणी विचारलं तर मी सांगायची, त्यांना मोकळी हवा लागते.

सासरे-जावई बोलायचे, पण माझ्या तोंडाने. बाबा पायरीवरून म्हणायचे, "त्यांना सांग, गटाराचं झाकण हललंय." हे तिथेच दारात, दोन हातांवर. मी सांगायच्या आत हे म्हणायचे, "त्यांना म्हणावं, बघू." मी मध्ये उभी राहून एकदा इकडे मान, एकदा तिकडे मान. टपालखात्याने माझ्याइतके निरोप पोचवले असते तर त्यांची भरभराट झाली असती.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. बाबा दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत एकटेच. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि मनगट मोडलं. पाच तास तसेच पडून होते, खालच्या बाईला हाक ऐकू गेली म्हणून बरं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना यापुढे एकटं ठेवू नका. ते पाच तास माझ्या डोक्यातून जात नव्हते. शिवताना मध्येच पायडलवरचा पाय थांबायचा.

पुढच्या रविवारी बाबा प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, आता पुरे झालं. इथे राहायला या."

"येतो की," बाबा म्हणाले. "त्यांना म्हणावं, माझं खेचर परत उभं करा. त्या दिवशी आत येतो."

ही काही अट नव्हती. सरळ नाही म्हणण्याची बाबांची पद्धत होती. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मग बसा तिकडे आणि पडा परत." आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "होईल."

मी वळून बघितलं. हे दारात उभे. मी म्हटलं, "काय होईल?"

"खेचर. खऱ्याच्या चौथ्या हिश्शाचं. पत्र्याचं, लोखंडाचं, चालणारं. चालेल का विचार त्यांना."

तेहेतीस वर्षांत यांच्या तोंडून मी एका वेळी इतके शब्द ऐकले नव्हते. बाबांनीही ऐकले. बराच वेळ गटाराच्या झाकणाकडे बघत बसले. मग म्हणाले, "एकेक गोष्ट जशीच्या तशी पाहिजे म्हणावं. खेळणं नको. मी तपासणार. चुकलेलं निघालं तर आल्या वाटेने परत जाणार."

"बघू," हे म्हणाले.

आता बघा, ज्या माणसाने जन्मभर तोडायचंच काम केलं तो जोडायला बसला. नकाशा नाही, मापं नाहीत. मी म्हटलं, "अहो, तुम्हीच तर ते कापलंत, किती लांब होतं काही आठवत नाही?" तर म्हणाले, "कापताना मोजतं कोण." बाबांना विचारायला जावं तर परीक्षा घेणाराच उत्तरं कशी देणार? हाताशी होता फक्त एक फोटो. आईच्या पेटीतला. तरुणपणीचे बाबा खेचराच्या शेजारी ताठ उभे, छाती पुढे, एक हात बॉनेटवर. खेचर बाजूने पूर्ण दिसतंय आणि रुळाकडेच्या गवतात बाबांचे पाय नडगीपर्यंत बुडालेले.

हे दोन दिवस तो फोटो घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "बाबांची उंची किती?"

हे मात्र योग्य दुकानात आले होते. मी अठरा वर्षांची असल्यापासून बाबांचे कपडे शिवतेय. मापाची वही काढून दाखवली. पाच फूट तीन इंच, ना एक सूत कमी ना जास्त. यांनी कागदाची एक पट्टी कापली, फोटोतल्या बाबांच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत लावली आणि तिचे त्रेसष्ट सारखे भाग पाडले. पाय गवतात होते म्हणून जमीन रुळाखालच्या फळीच्या कडेने धरली. पट्टीवरचा एक भाग म्हणजे खऱ्या खेचराचा एक इंच. भिंगातून बघत त्या पट्टीने यांनी बॉनेट मोजलं, चाकं मोजली, सीटची दांडी मोजली. मला कौतुक वाटलं. मी तोंडावर म्हणाले नाही, डोक्यावर बसतील.

मग सुरू झाला धिंगाणा. आधी सगळं पुठ्ठ्याचं केलं. पुठ्ठा कुठून आला? माझे कॉलरचे आणि बाह्यांचे नमुने गेले. मग पत्रा. जन्मभर बोटभर जाड लोखंड कापणाऱ्या हाताला नखाएवढा पातळ पत्रा धरवेना. पहिली तीन बॉनेटं वाकडी झाली. कथलाचा डाग देऊन पत्रे जोडायला बसले की खोलीभर धूर आणि शिवायला आलेली गिऱ्हाइकं खोकायची. चाकं मात्र लेथवाल्याकडून करून घेतली, तो यांचा जुना दोस्त. त्याने विचारलं, "नातवाला खेळायला का?" हे म्हणाले, "सासऱ्याला." तो आजतागायत मला भेटला की हसतो.

एक दिवस माझं दातेरी चाक सापडेना. कापडावर खुणा पाडायला आम्ही वापरतो ते, लाकडी मुठीचं. सगळं घर पालथं घातलं. शेवटी मागच्या खोलीत गेले तर हे पत्रा उलटा टाकून त्यावर माझं चाक दाबून फिरवतायत. मी तोंड उघडलं होतंच, तेवढ्यात यांनी पत्रा सुलटा केला. ओळीने बारीक बारीक उंचवटे आलेले. रिवेटची डोकी, हुबेहूब. मी तोंड मिटलं. चाकाचे दात बोथट झाले ते झालेच, पण मीच मग उरलेल्या दोन ओळी मारून दिल्या, कारण यांची रेघ तिरकी जात होती.

चहाची गाळणीही अशीच गेली. तिची जाळी रेडिएटरला लागली. बॉलपेनांच्या स्प्रिंगा गेल्या, माझ्या टॉर्चची काच दिव्याला गेली. स्क्रू आवळायच्या मशीनची मोटर आत बसली. पहिल्यांदा चालवून बघितलं ते स्वयंपाकघराच्या टेबलावर, आणि ते थांबायचं नावच घेईना. सरळ टेबल संपेपर्यंत गेलं आणि बटाट्यांच्या टोपलीत पडलं. मी हसून हसून खाली बसले. हे गंभीरपणे म्हणाले, "खरंही असंच जायचं."

बाबा आतलं काही बघायला तयार नव्हते. पण त्यांचे कान आत होते. "आज ठोकाठोकी कमी दिसते." "डाग देण्याआधी घासून घ्यायचं म्हणावं, नाहीतर निघतो." एकदा यांनी पत्र्याच्या तीन तुकड्यांवर तीन हिरवे रंग लावून बाहेर पाठवले. बाबांनी तुकडे उन्हात धरले. "हा नाही. हा तर नाहीच. हा बरोबर आहे, पण चार उन्हाळे खाल्लेला पाहिजे." हे बिचारे रंग लावून वर पॉलिशपेपर मारत बसले. आणि अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, मी कोणाला बोलले नाही. पूर्वी मधल्या पायरीवर बसणारे बाबा आता वरच्या पायरीवर बसायला लागले होते.

अकरा महिने गेले. गोणपाटाची गादी मी शिवली, तळहाताएवढी, आणि ती सीटवर ठेवल्यावर हे म्हणाले, "झालं."

त्या रविवारी यांनी वरच्या पायरीवर फळी टाकली, तिच्यावर रूळ बसवले आणि खेचर बाहेर आणून ठेवलं. सकाळीच मी बाबांसाठी खाट मांडून ठेवली होती, चादर घातलेली, उशाशी त्यांचा रेडिओ ठेवायला स्टूल. बाबा काठी टेकत आले. खाली रस्त्यावरच थांबले. मग एकेक पायरी चढून वर आले आणि बसले. खिशातून फडकं काढलं आणि अगदी सावकाश सगळं खेचर पुसलं, बॉनेट, दिवा, सीटची दांडी. मला वाटलं, जिंकलो.

पुसून झाल्यावर बाबांनी पंजा पसरला आणि बॉनेटवर वीत टेकवली. एक वीत बसली. पुढच्या अर्ध्या वितीला बोटं बॉनेटच्या बाहेर आली. त्यांनी परत मोजलं. मग काठी हातात घेतली.

"खऱ्याचं बॉनेट माझ्या सहा विती होतं. थंडीत त्यावर हात शेकलेत मी छत्तीस वर्षं. चौथा हिस्सा म्हणजे दीड वीत. हे इंचभर कमी आहे. त्यांना सांग, हे खेचर नाही."

मला एकदम रडू फुटलं. अकरा महिने, माझं चाक, माझी गाळणी, ती मांडलेली खाट. बाबा उठायला लागले. आणि मी मध्ये असूनही माझ्या डोक्यावरून आवाज आला.

"मोजून केलंय. एकेक इंच. तुमच्या उंचीवरून."

हे थेट बाबांशी बोलत होते. बाबा अर्धे उठलेले तसेच थांबले. "माझ्या उंचीवरून?"

यांनी फोटो आणला, पट्टी आणली, माझी मापाची वही आणली आणि सगळं बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी पट्टी फोटोला लावली, वहीतला आकडा बघितला, परत फोटो बघितला. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण चोरी पकडल्यासारखा खाली बघायला लागला.

"यात मला पाच फूट तीन धरलंय," बाबा म्हणाले.

"मग? तेवढेच आहात," मी नाक पुसत म्हटलं.

"या फोटोत मी पाच फूट नऊ आहे."

मग बाबा गटाराच्या झाकणाला उद्देशून म्हणाले, "गवतात दोन विटा होत्या. एकावर एक. त्यावर उभा होतो. वीटकारखान्यात विटांना काय तोटा?"

मी तिथेच पायरीवर बसले. तो फोटो लग्न ठरवताना आईच्या घरी पाठवलेला होता. आई पाच फूट साडेपाच, तिच्याकडून कळवलं होतं की मुलगी उंच आहे. "मग मीही उंच झालो," बाबा म्हणाले.

"आणि आईला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. शेजारी उभी राहिली, मला खालून वर बघितलं आणि हळूच म्हणाली, विटा घरी ठेवून आलात वाटतं." बाबांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "पण जन्मात कोणाला सांगितलं नाही तिने. तुलाही नाही."

यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं यांना काही होतंय की काय. हे हसत होते. आवाज न करता, भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबांनी आधी रागाने बघितलं, मग त्यांनाही हसू आवरेना. माझ्या मेहनतीचे अकरा महिने दोन विटांपायी गेले आणि हे दोघं हसतायत. मला दोघांचाही इतका राग आला आणि इतका आनंद झाला की मी नुसती पदराने डोळे पुसत राहिले.

हसणं ओसरल्यावर हे खाली बघून म्हणाले, "ट्रक लवकर आला होता. त्या दिवशी. मी सांगायला हवं होतं."

"हं," बाबा म्हणाले. "मीही विटांचं सांगायला हवं होतं." आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "परत करायला किती दिवस लागतील?"

"होईल," हे म्हणाले.

"किती दिवस, विचारतोय मी."

"आठ महिने. तुम्ही मापं सांगायला असलात तर पाच."

बाबांनी विचार केला. "पायरीवर बसून मला आतलं दिसत नाही," म्हणाले. फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली, काठी टेकून उठले आणि उंबरा ओलांडून आत गेले. खेचर काही उभं राहिलेलं नव्हतं, पण ती आठवण करून द्यायला मी काही खुळी नाही. मी फळी, रूळ आणि ते इंचभर कमी पडलेलं खेचर उचललं आणि मागोमाग गेले.

खाटेकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ मागच्या खोलीत. आता यांचं कामाचं टेबल यांच्याच उंचीचं, सहा फुटी माणसाने उभ्याने काम करायचं. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले तर लोखंड पकडून धरायचा शेगडीएवढा शिकंजा त्यांच्या हनुवटीशी. पलीकडे काय ठेवलंय ते दिसेना. टाचा उचलून बघितलं, मग मान तिरकी करून बघितलं.

हे मागच्या दाराने अंगणात गेले. परत आले तेव्हा दोन्ही हातांत एकेक वीट होती. विटा त्यांनी टेबलासमोर शेजारी शेजारी, आडव्या टाकल्या आणि पायाने दाबून बघितल्या. म्हटलं, संपलं. आता बाबा जे निघतील ते पुढची एकवीस वर्षं येणार नाहीत.

बाबांनी विटांकडे बघितलं. काठीने एक ढोसली, डुगडुगत नाही ना म्हणून. मग दुसरी. यांच्या दंडाला धरलं आणि वर चढले.

"जावईबापू," म्हणाले, "ती पट्टी फाडून टाका आणि नवा कागद द्या."

न्हाणीघरात पडणारा माणूस आता विटांवर उभा. मी जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले, तोल गेलाच तर धरायला.